पाणवठ्यावरची रात्र: शिकारीच्या मचाणापासून प्राणीगणनेपर्यंत

दरवर्षी वैशाखात बुद्धपौर्णिमा झाली की दोन-तीन दिवसांत वर्तमानपत्रात एक ठरावीक बातमी येते. यावल अभयारण्यात रात्रभर प्रगणक मचाणावर बसले, अमुक इतकी रानडुकरं, अमुक नीलगायी, अमुक अस्वलं दिसली. खाली तक्ता. मागच्या वर्षीपेक्षा आकडा वाढला असेल तर मथळ्यात "वाढ", घटला असेल तर "चिंता".

संशोधनाकडे वळू पाहणाऱ्या मित्रमैत्रिणींसाठी हा तक्ता फार चांगला धडा आहे, म्हणून आजची पोस्ट त्यावर. हा आकडा नेमका कशाचा आहे, हे समजायचं असेल तर मचाणाचा इतिहास बघावा लागतो. कारण पाणवठ्याशेजारी, रात्री, लपून बसण्याची ही पद्धत विज्ञानाने शोधलेली नाही. ती शिकाऱ्यांकडून आली आहे. ज्या गुणामुळे ती शिकाऱ्याला सोयीची होती, तोच गुण मोजणी करताना आड येतो. पोस्टचा मुख्य मुद्दा हाच. बाकी तपशील.

आधी जागा समजून घेऊ

यावल अभयारण्य जळगाव जिल्ह्याच्या उत्तरेला, सातपुड्यात, मध्य प्रदेशाच्या सीमेला लागून आहे. क्षेत्र साधारण १७८ चौरस किलोमीटर, घोषणा १९६९ ची. धुळे जिल्ह्यात शिरपूर तालुक्यात अनेर धरण अभयारण्य आहे, ते १९८६ चं. जंगल शुष्क पानगळीचं: साग, अंजन, सालई, धावडा, तेंदू. पावसाळ्यात हिरवंगार, पण एप्रिल-मेमध्ये पानं झडून सगळं उघडं पडतं. खाली तापीच्या खोऱ्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिशीला टेकलेला असतो. नाले आटतात. उरतात ते थोडे झिरे, नदीपात्रातले डोह आणि वन विभागाने बांधलेले कृत्रिम पाणवठे.

म्हणजे वर्षातल्या या एका काळात तीन गोष्टी जुळून येतात. पाणी मोजक्याच ठिकाणी असतं, त्यामुळे प्राण्यांना तिथे यावंच लागतं. पानं नसल्यामुळे लांबचं दिसतं. आणि पौर्णिमा असल्यामुळे बॅटरी न लावता रात्रभर पाहता येतं. बुद्धपौर्णिमा निवडण्यामागे हे साधं गणित आहे.

शिकाऱ्यांचं गणितही हेच होतं.

औट्रम आणि १९१ वाघ

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला खानदेश म्हणजे ओस पडलेली गावं आणि वाढलेलं रान. १८१८ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात आल्यानंतरच्या नोंदींमध्ये वाघांनी मारलेल्या माणसांचे आणि गुरांचे उल्लेख पुन्हा पुन्हा येतात. १८२५ मध्ये जेम्स औट्रम या तरुण अधिकाऱ्याने खानदेश भिल्ल पलटण उभी केली. तिचं ठाणं धरणगावला होतं, म्हणजे आजच्या जळगाव जिल्ह्यात. औट्रम पुढे १८५७ च्या उठावात लखनौमुळे गाजला. खानदेशात मात्र त्याचं नाव शिकारीसाठी होतं. तिथल्या साधारण दहा वर्षांत तो १९१ वाघांच्या शिकारीत हजर होता, असा आकडा त्याच्याबद्दलच्या लिखाणात दिला जातो. चाळीसगाव-कन्नड रस्त्यावरचा औट्रम घाट त्याच्याच नावाचा. आणि गंमत बघा, आज त्या परिसरातल्या अभयारण्याचं अधिकृत नाव आहे गौताळा औट्रमघाट अभयारण्य. वन्यजीव वाचवण्यासाठी राखलेल्या जंगलाला शिकाऱ्याचं नाव, आणि त्यात कुणाला काही खटकतही नाही.

औट्रमची ख्याती पायी जाऊन, भिल्लांनी काढलेल्या मागावर शिकार करण्याची होती. पण प्रत्येक शिकाऱ्याचं तेवढं धाडस नसायचं आणि प्रत्येकाला हाकाऱ्याला माणसं मिळायची नाहीत. त्यांच्यासाठी दुसरा मार्ग होता तो मचाणाचा. झाडावर फळी बांधायची, खाली बांधलेलं जनावर किंवा वाघाने मारून टाकलेली गुरं, नाहीतर समोर पाणवठा. मग वाट बघायची. मचाण कुठे बांधायचं, वारा कुठून येतो, जनावर कोणत्या वाटेने उतरेल, हे ज्ञान मात्र साहेबाचं नसायचं. ते भिल्ल, पावरा, तडवी वाटाड्यांचं असायचं. बक्षीस मिळायचं, पण पुस्तकात त्यांची नावं क्वचितच आली. आजही रात्रीच्या मचाणावर आपल्यासोबत बसतो तो वनमजूर किंवा गाईड बहुधा याच समाजांतला असतो. इतिहासाचा हा धागा लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा लागणार आहे.

कायद्याने ओळखलेली लबाडी

१९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला. आपल्याला वाटतं की त्या दिवसापासून शिकार सरसकट बंद झाली. तसं नाही. मूळ कायद्यात परवान्यावर काही प्राण्यांची शिकार करता येत होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती सोय काढून टाकली. तोपर्यंत लागू असलेलं मूळ कलम १७ मुद्दाम वाचण्यासारखं आहे. परवाना असला तरी काय करायचं नाही, याची ती यादी होती. वाहनातून शिकार करायची नाही. सूर्यास्त ते सूर्योदय शिकार करायची नाही आणि कृत्रिम दिवा वापरायचा नाही. या दोन्हींना अपवाद एकच, मांसाहारी प्राण्याने मारलेल्या सावजावर बसण्याची खास परवानगी असेल तर. आणि पाणवठ्यावर, क्षारचाटणावर किंवा तिकडे जाणाऱ्या वाटेवर शिकार करायची नाही. तिथे सूट होती ती फक्त पाणपक्षी आणि पखुर्ड्यांच्या बाबतीत.

कायदा करणाऱ्यांनी पाणवठा वेगळा काढला, कारण तिथे शिकार करणं ही बरोबरीची लढत नाही. तहानलेलं जनावर तिथे येणारच. त्याला पर्याय नाही.

आता हीच गोष्ट संख्याशास्त्राच्या भाषेत सांगा. नमुना निवडताना आपण अशी जागा घेतली की जिथे प्राणी जंगलाच्या सरासरीपेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात येतात, आणि अशी वेळ घेतली की जेव्हा ते वर्षातल्या इतर कुठल्याही वेळेपेक्षा जास्त येतात. याला आपण पक्षपाती नमुना म्हणतो. शिकारीत जी लबाडी होती, तीच मोजणीत पूर्वग्रह होते. जागा तीच, मचाण तेच, फक्त हातात बंदुकीऐवजी पेन्सिल.

बंदूक गेली, तक्ता आला

१ एप्रिल १९७३ ला व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. आपल्या शेजारचं मेळघाट पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी एक. प्रकल्प आला म्हणजे दरवर्षी आकडा द्यायचा आला. वाघांसाठी त्या काळात पावलांच्या ठशांची पद्धत वापरली जायची. ओडिशातले वन अधिकारी सरोज राज चौधरी यांनी १९६० च्या दशकात ती मांडली होती. मागच्या पायाच्या ठशाची काचेवर आकृती काढायची, मापं घ्यायची आणि प्रत्येक ठसा कोणत्या वाघाचा ते ठरवायचं. १९७२ च्या पहिल्या देशव्यापी गणनेचा १,८२७ हा आकडा असाच आला. बाकीच्या प्राण्यांसाठी, म्हणजे सांबर, भेकर, अस्वल, रानडुक्कर, नीलगाय, चौसिंगा यांच्यासाठी पाणवठ्यावरची २४ तासांची गणना रुळली. स्वस्त, सोपी, एकाच रात्री सगळीकडे करता येणारी, आणि स्वयंसेवकांना सहभागी करून घेणारी.

याच्या खूप आधी रात्रीचं जंगल न मारता टिपण्याचा वेगळा रस्ता कुणीतरी शोधला होता. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन हा संयुक्त प्रांतातला वन अधिकारी. १९२० च्या दशकात त्याने जंगलातल्या वाटेवर तार लावून ठेवली. वाघाचा पाय तारेला लागला की झगझगीत प्रकाश पडायचा आणि फोटो निघायचा. १९२७ मध्ये त्याचं पुस्तक आलं. आजच्या कॅमेरा ट्रॅपचा हा आजोबाच. पण मोजणीसाठी त्याचा उपयोग व्हायला आणखी सुमारे सत्तर वर्षं गेली. १९९० च्या दशकात उल्हास कारंथ यांनी कर्नाटकातल्या नागरहोळेत पट्ट्यांवरून प्रत्येक वाघ वेगळा ओळखून, तोच वाघ पुन्हा किती वेळा फोटोत येतो यावरून संख्येचा अंदाज काढून दाखवला. १९९५ मध्ये ते काम प्रसिद्ध झालं. ठशांच्या पद्धतीवर ते आधीपासूनच टीका करत होते.

सरकारी यंत्रणा बदलली ती मात्र धक्का बसल्यावर. २००४-०५ मध्ये राजस्थानातल्या सरिस्कात एकही वाघ उरलेला नाही, हे उघड झालं. त्याआधीच्या सरकारी तक्त्यांत तिथे वाघ दाखवले जात होते. सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखाली व्याघ्र कृती दल नेमलं गेलं, २००५ मध्ये अहवाल आला, आणि २००६ पासून कॅमेरा ट्रॅप व इतर सांख्यिकी पद्धतींवर आधारित अंदाज सुरू झाला. २००८ मध्ये जाहीर झालेला पहिला आकडा १,४११ होता. पद्धत बदलल्यामुळे आधीच्या आकड्यांशी त्याची सरळ तुलना करता येत नाही. तरी सगळीकडे तुलना झालीच.

तक्ता वाचायचा कसा?

आता पाणवठ्याच्या तक्त्याकडे परत येऊ. समजा, एका पाणवठ्यावर २४ तासांत सांबर "१२" असं लिहिलं आहे. ही बारा सांबरं असू शकतात. चार सांबरं तीन-तीन वेळा आलेली असू शकतात. शेजारच्या पाणवठ्यावरच्या प्रगणकाने त्यातलीच पाच पुन्हा लिहिलेली असू शकतात. वाघाचे पट्टे ओळखता येतात. सांबर मादी चांदण्यात ओळखणार कशी? म्हणून १२ हा "भेटींचा" आकडा आहे, "प्राण्यांचा" नाही. "दिसले" आणि "आहेत" यांत हा फरक आहे.

दुसरं, प्रत्येक प्राण्याला पाण्याची गरज सारखी नसते. चौसिंग्याला नियमित पाणी लागतं, त्यामुळे तो पाण्याच्या आसपास राहतो. चिंकारा झाडपाल्यातल्या ओलाव्यावर बरेच दिवस काढू शकतो. तक्त्यात चिंकारा कमी दिसला म्हणजे जंगलात तो त्याच प्रमाणात कमी आहे, असं म्हणता येत नाही.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात आवडतो. चांदणं आपल्यासाठी सोयीचं, पण ज्यांना खाल्लं जाण्याची भीती आहे त्यांच्यासाठी नाही. अनेक लहान निशाचर प्राणी, विशेषतः उंदीरवर्गातले, पौर्णिमेच्या आसपास उघड्यावर येणं टाळतात, हे जगभरच्या अभ्यासांत दिसलं आहे. म्हणजे ज्या रात्री आपल्याला सगळ्यात जास्त दिसतं, त्याच रात्री काही प्राणी मुद्दाम दिसेनासे होतात. पाहण्याची सोय आणि पाहिल्या जाणाऱ्याचं वागणं या दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत.

चौथं, मध्यात अवकाळी पाऊस झाला की डबकी भरतात आणि प्राणी विखुरतात. तक्त्यात "घट". प्रत्यक्षात जनावरांची चंगळ.

म्हणून हा तक्ता फेकून द्यायचा का? नाही. तेच पाणवठे, तेवढेच तास, तशीच पद्धत वर्षानुवर्षं राखली आणि पावसाची नोंद सोबत ठेवली, तर बदलाचा ढोबळ कल कळू शकतो. शिवाय एखादी प्रजाती तिथे "आहे", एवढं तर नक्की सिद्ध होतं. अडचण येते ती उलट्या बाजूने, "दिसली नाही" याचा अर्थ "नाही" असा लावताना. याची किंमत किती मोठी असू शकते, याचं उदाहरण खानदेशातच आहे.

रानपिंगळा

घुबड म्हणजे रात्र, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं आहे की दारावर पहाटे येऊन भविष्य सांगणाऱ्यालाही आपण पिंगळा म्हणतो. पण रानपिंगळ्याची गोष्ट वेगळी.

१८७२ मध्ये आजच्या छत्तीसगडमधल्या फुलझर भागात एफ. आर. ब्लेविट यांना एक छोटं घुबड मिळालं. अ‍ॅलन ह्यूम यांनी (हो, राष्ट्रीय सभेच्या स्थापनेतले तेच) १८७३ मध्ये त्याचं वर्णन करून ब्लेविट यांचं नाव दिलं. पुढे जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने पश्चिम खानदेशातून याचे आणखी नमुने गोळा केले. डेव्हिडसन यांची पश्चिम खानदेशातल्या पक्ष्यांची यादी ह्यूम यांच्याच नियतकालिकात छापून आली आहे. जगभरच्या संग्रहालयांत मिळून रानपिंगळ्याचे नमुने मोजून सात. १८८४ नंतर खात्रीची नोंदच नाही.

मधल्या काळात एक नोंद होती खरी. रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १९१४ मध्ये गुजरातेत तापीकाठच्या मांडवीला हा पक्षी मिळवल्याचं लिहून ठेवलं होतं. पुढच्या शोधांवर या नोंदीची सावली पडली. सलीम अली आणि डिलन रिप्ले यांच्यासारख्या मोठ्या लोकांनाही पक्षी सापडला नाही. तो बहुधा संपला, असं वाटू लागलं.

१९९० च्या दशकात पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञाने जंगलात जाण्याआधी संग्रहालयातले नमुने तपासले. माइनर्ट्‌झहागेनचा नमुना खोटा निघाला. तो मुळात डेव्हिडसन यांनी खानदेशात गोळा केलेला होता. ब्रिटिश संग्रहालयातून चोरून, पुन्हा पेंढा भरून, त्याला नवी चिठ्ठी लावली होती. क्ष-किरण तपासणीत डेव्हिडसन यांच्या हाताची जुनी धाटणी ओळखू आली. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी १९९९ मध्ये हे सविस्तर प्रसिद्ध केलं.

मांडवी बाद झाल्यावर उरली ती फक्त खरी जुनी ठिकाणं. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट तिथे गेले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ, सकाळच्या उजेडात, रानपिंगळा समोर बसलेला दिसला. ११३ वर्षांनी. नंतर फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी तोरणमाळ परिसरात व इतरत्र अभ्यास केला, तेव्हा स्पष्ट झालं की हा पक्षी प्रामुख्याने दिवसा वावरतो, दिवसाच शिकार करतो. पुढे मेळघाट आणि यावलमध्येही त्याच्या नोंदी झाल्या. २०१८ मध्ये जागतिक लाल यादीत त्याला "अतिसंकटग्रस्त" वरून "संकटग्रस्त" गटात आणलं गेलं. संख्या वाढली म्हणून नव्हे, तर नव्या ठिकाणी सापडला म्हणून. पक्षी तेवढेच, माहिती वाढली.

पाणवठ्यावर पौर्णिमेच्या कितीही रात्री बसलात तरी रानपिंगळा तक्त्यात येण्याची शक्यता कमीच. तो त्या वेळचा नाही आणि त्या जागेचाही नाही. आणि तो "नाही" असं समजण्यात गेलेल्या शंभर वर्षांत पश्चिम खानदेशातलं सपाटीवरचं जंगल शेतीखाली गेलं. चुकीच्या नोंदीची किंमत कागदावर राहत नाही, ती अशी जमिनीवर मोजावी लागते.

जाता जाता एक बारीक पण उपयोगाची गोष्ट. शहादा १९९७ मध्ये धुळे जिल्ह्यात होतं. १ जुलै १९९८ ला नंदुरबार जिल्हा झाला. त्याआधी ते "पश्चिम खानदेश", आणि १९०६ पूर्वी नुसतं "खानदेश". जुन्या नमुन्यावरची चिठ्ठी वाचताना ती कोणत्या वर्षीच्या नकाशावर लिहिली आहे, हे बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आजचं मचाण

अलीकडे महाराष्ट्राच्या वन विभागाने बऱ्याच ठिकाणी बुद्धपौर्णिमेच्या या रात्रीला "निसर्गानुभव" म्हणायला सुरुवात केली आहे. नोंदणी करायची, सोबत गाईड किंवा वनमजूर, मचाणावर रात्र काढायची, सकाळी परत. काही जुन्या प्रगणकांना हा बदल आवडत नाही. त्यांना वाटतं, शास्त्रीय गणनेचं पर्यटन झालं. मला हे नाव जास्त प्रामाणिक वाटतं. लोकसंख्येचा अंदाज देण्याचा दावा नाही. रात्र कशी असते ते बघा, एवढंच सांगणं आहे.

तुम्ही जाणार असाल आणि संशोधनाची सवय लावायची असेल, तर प्राणी मोजण्यापेक्षा भेटी लिहा. प्रत्येक भेटीची वेळ, दिशा, कळपात किती, किती मिनिटं थांबले. ढग आले का, वारा फिरला का, तुम्हाला किती वाजता डुलकी लागली, हेही लिहा. झोपलेल्या अर्ध्या तासात शून्य प्राणी दिसले, ही नोंद "प्राणी नव्हते" अशी जाऊ नये. पाणवठा नैसर्गिक की टँकरने भरलेला, ते लिहा. काही दिसलं नाही तर "दिसलं नाही" असंच लिहा, "नाही" असं नको. मोबाईलचा उजेड आणि गप्पा बंद, हे तर सांगायलाच नको.

आणि शेजारी बसलेल्या माणसाला विचारा. मघाचा धागा हाच. त्या पाणवठ्यावर तुम्ही वर्षातली एक रात्र असता, तो उरलेल्या कितीतरी रात्री आणि दिवस तिथे असतो. अस्वल कोणत्या नाल्याने उतरतं, मोह पडायला लागल्यावर ते पाण्याऐवजी कुठे सापडतं, हे त्याला माहीत असतं. तुमच्या पद्धतीत जे बसत नाही, ते बऱ्याचदा त्याच्या बोलण्यात असतं. ते लिहून घेताना त्याला विचारून त्याचं नावही लिहा. औट्रमच्या काळात राहून गेलेली ही गोष्ट आपल्याला करता येण्यासारखी आहे.

पुढच्या वर्षी बुद्धपौर्णिमेनंतर तो तक्ता छापून येईल, तेव्हा आकडा वाचण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा: कुठे बसून पाहिलं, कधी पाहिलं, आणि जे दिसलं नाही ते दिसण्याची संधी तरी होती का? तुमच्या स्वतःच्या संशोधन प्रस्तावातल्या "पद्धत" या प्रकरणालाही हेच प्रश्न लागू पडतात, मग विषय वाघाचा असो की वर्गातल्या मुलांचा. उत्तरं लिहून काढा आणि मगच मार्गदर्शकांकडे जा.